सुमनचं पोहणं आणि माझा कासरा

मे महिना संपत आला होता. भीमेच्या काठाला आमची मेंढरं धुवायचं काम चाललं होतं, आणि माझी थोरली मुलगी सुमन पाठीला भोपळा बांधून वाळूत रुसून बसली होती. "मला न्हाई यायचं आता पाण्यात," म्हणाली.

जूनमध्ये शाळा भरायच्या आत तिला पोहता आलं नाही, तर तिची शाळा सुटणार होती.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या आसपासची. सुमन सातवी पास झाली होती आणि पुढची शाळा नदीपलीकडं, दौंड तालुक्याच्या बाजूला. आमची वस्ती अलीकडं, वडगाव रासाईच्या अंगाला. रस्त्यानं गेलं तर फेरा लांबचा, एसटीचा भरवसा नाही. सगळी पोरं होडीनंच जायची.

त्या होडीचा विचार आला की मला घास उतरत नसे. पावसाळ्यात पाणी चढतं, होडी गच्च भरते, पोरं मस्ती करतात... मी स्वतः चौथीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेलेला माणूस. पोरीची शाळा सुटू द्यायची नव्हती, पण तिला होडीत बसवायची हिंमतही होत नव्हती.

शेवटी तिची आई वैतागली. "एवढं भ्या वाटतंय तर पवायला शिकवा. न्हाईतर घरी बसवा. दोन्हीतलं कायतरी एक करा, पर माझं डोकं खाऊ नका."

घरी बसवायची नाही, हे पक्कं होतं. मग शिकवायचंच.

अडचण एवढीच की मला पोहता येत नव्हतं. लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढरं नदीत धुतो, पण मी आपला कमरेएवढ्या पाण्यात उभा राहणारा. त्याच्या पुढं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तरी तयारी जोरात केली. आमच्याकडं पोरांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकवतात, तो बांधला. भोपळा फुटला तर काय, म्हणून तेलाचा रिकामा डबा बांधला. डबा सुटला तर काय... म्हणून कमरेला बैलाचा कासरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला.

सुमन हातपाय मारायला लागली की मला धीर निघायचा नाही. मी कासरा ओढायचो. ओढला की तिचं तोंड पाण्यात जायचं, नाकातोंडात पाणी, खोकत खोकत बाहेर. मला वाटायचं, बघा, धरलं नसतं तर गेलीच होती. पुढच्या खेपेला आणखी आखडून धरायचो.

होडीवाले मामा रोज हा तमाशा बघायचे. एकदा होडीतूनच म्हणाले, "आण्णा, पोरीला पवायला शिकवताय का दाव्यानं शेरडू चारताय?" होडीतली माणसं हसली. मला राग आला.

तर त्या दिवशी सुमन रुसून बसली होती आणि शेजारी माझा धाकटा भाऊ मेंढरं धूत होता. एकेक मेंढरू उचलून खोल पाण्यात टाकायचा. ते नाक वर काढून आपोआप काठाकडं यायचं.

सुमन बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "आण्णा, मेंढराला का न्हाई कासरा बांधत?"

"येडी का काय तू? दावं लावून पाण्यात टाकलं तर वढ बसून बुडंल की ते. मोकळंच सोडावं लागतंय."

असं मी म्हणालो. ती नुसती माझ्या मनगटाच्या कासऱ्याकडं बघत राहिली...

जन्मभर मेंढरं धुतली, आणि पोरीच्या बाबतीत एवढं ध्यानात आलं नव्हतं.

कासरा सोडायला घेतला तर गाठ सुटेना. शेवटी तिनंच सोडली. पण तिला मोकळं सोडून काठाशी उभं राहणं माझ्यानं झालं नसतं. मग मीच पुढं गेलो. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. पायाखालची वाळू सरकत होती. देवाचं नाव घेतलं आणि हात पसरले.

"ये माझ्याकडं. अंग सैल सोड."

ती आली. मान वर, पायांनी पाणी उडवत... आणि येऊन अशी धडकली की माझाच तोल गेला. तिनं घट्ट माझा दंड धरला. "भिऊ नका आण्णा, मी हाय."

त्यानंतरच्या सकाळी फार मजेत गेल्या. दम कोण जास्त धरतं, बुडी मारून तळातला शिंपला कोण आधी काढतं... दोघांच्या पैजा लागायच्या. तिचा डबा सुटला, मग भोपळाही सुटला. तो भोपळा तिनं माझ्या पाठीला बांधला.

होडीवाले मामा म्हणाले, "आता शेरडू कोण आन् धनी कोण?"

"मामा, तुम्ही गुमान वल्हं मारा," सुमन म्हणाली. या खेपेला मीच सगळ्यांत जास्त हसलो.

जूनमध्ये शाळा भरली आणि सुमन दप्तर घेऊन होडीत चढली. मला सुखानं झोप लागायला लागली, असं मुळीच नाही. पुढची तीन वर्षं पाणी चढलं की मी काठावर जाऊन उभा राहायचो. पण होडी चुकव असं तिला एकदाही म्हणालो नाही.

पोरांबरोबर बापानं काय करावं, हे मला शिकलेल्या माणसासारखं सांगता येत नाही. माझा स्वभाव घोरी, तो आजही तसाच आहे. पण काठावर उभं राहून घोर करण्यापेक्षा पोरांबरोबर पाण्यात उतरून केलेला बरा... निदान त्यात हसायला तरी मिळतं. पोरी, मला छातीएवढ्या पाण्यात नेलंस, तुझे उपकार आहेत.