वासाचे अर्ज

वडीगोद्रीहून सायकलीवर येऊन तो आमच्या कचेरीबाहेर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहायचा. लिहून झालं की कानातला अत्तराचा फाया कागदाच्या कोपऱ्यावर फिरवायचा. "दर्ग्यातून फुंकून आणलंय, भाऊसाहेब," तो मला सांगे. "काम बराबर होतंय."

मी आत कारकून. अत्तरानं साहेबांचं डोकं दुखायचं, म्हणून ते वासाचे अर्ज मला गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायला लावत. हे त्याला सांगणं माझ्याच्यानं कधी झालं नाही.

दुष्काळात त्यानं स्वतःचा अर्ज आणला. खडी फोडायच्या कामावर त्याला हजेरी लिहायची जागा हवी होती. "आज समदी शिशी वतली," तो म्हणाला. कागद ओला होता. मी तो तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "साहेबाला वास आला का?"

"आला," मी म्हणालो.

तो निर्धास्त होऊन लिंबाखाली जाऊन बसला.