दादाची पिल्लं

मुंबईतली नोकरी सुटली आणि माझा थोरला भाऊ रत्नागिरीला आमच्याकडे, म्हणजे आई आणि माझ्याकडे, राहायला आला. येताना कपड्यांच्या बॅगेसोबत पाणी भरलेल्या पिशवीत त्याने चार मासे आणले होते. बोटाएवढे, मिशा असलेले कॅटफिश. आई म्हणाली, "शिंगाळ्याची पोरं दिसतायत. कालवणाला पुरायची नाहीत." दादा हसला नाही. पुढे कित्येक महिने तो फारसा बोललाच नाही. जेवायचा, माशांच्या टाकीसमोर बसायचा, झोपायचा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

एका सकाळी त्याने मला हाक मारली, "इकडे ये गो, बघ." टाकीच्या काचेला साबुदाण्यासारखी अंडी चिकटली होती. किती दिवसांनी त्याचा असा आवाज ऐकला! मोठे मासे खातील म्हणून त्याने ती बोटाने अलगद सोडवून प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि हवेची नळी सोडली. काही अंडी बुरशी येऊन पांढरी पडली, ती ड्रॉपरने काढून टाकली. उरलेल्यांतून पिल्लं बाहेर आली. डोळे आणि शेपटी, बाकी नुसती काच. आईसुद्धा चष्मा लावून बघायला बसली.

पोटाखालची पिवळी पिशवी संपली की त्यांना जिवंत खाणं लागतं. त्यासाठी बारीक कोळंबीसारख्या किड्यांची अंडी खाऱ्या पाण्यात उबवायची होती. दादा स्वतःहून बाटल्या घेऊन स्कूटरवर आरे-वारेच्या किनाऱ्यावर पाणी आणायला गेला. आल्यावर म्हणाला, "आज समुद्र खवळलाय. भिजलो पार." त्याच्या पँटला वाळू लागली होती. आई मोरीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, सुटलो आपण.

मग एका दुपारी गडगडाट झाला आणि लाईट गेली. हवेचा पंप बंद पडला. आम्ही तिघं आळीपाळीने वाटीने पाणी उचलून वरून सोडत राहिलो, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. उकाडा असह्य होता. संध्याकाळी लाईट आली तेव्हा बरीचशी पिल्लं आडवी झाली होती. उरलेली दिवसागणिक मेली. दादा रोज पाणी बदलायचा, मेलेली उचलायचा. मी म्हटलं, "दादा, तू होता होईल तेवढं केलंस." तो म्हणाला, "माझ्या हातात काय टिकलंय?"

शेवटचं पिल्लू मेलं त्या दिवशी त्याने डबा घासून मागीलदारी पालथा घातला. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलाच नाही. गोळ्या घेईना. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. हातखंब्याची मावशी चार दिवस येऊन राहिली, समजावून दमली, परत गेली.

आता टाकी मीच साफ करते. मोठे चारही मासे धडधाकट आहेत. दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. आई ताट घेऊन दाराशी उभी राहते आणि विचारते, "बाबा, दोन घास खातोस?" ती तशीच उभी राहते, भात गार होईपर्यंत.