बसवलेला दात

माझी जीभ अजूनही त्या दातावर जाते. बसची वाट बघताना जाते, कुणाच्या निरोपाची वाट बघताना जाते, समोरचा माणूस नको तितका वेळ गप्प बसला तरी जाते. वरच्या ओळीतला, समोरचा, उजवा. मला मुळात एका जागी स्वस्थ बसवतच नाही. पाय हलत असतो, नाहीतर बोटं ओढणीशी खेळत असतात, आणि चारचौघांत तेही बरं दिसत नसेल तर मग जीभ असतेच.

लहानपणी आमच्या कऱ्हाटी गावातल्या घरामागं मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. एका एडक्यानं मागून धडक दिली आणि माझं तोंड त्या डोणीच्या कडेवर आपटलं. दात पडला नाही. पडला असता तर कुणीतरी तेव्हाच काहीतरी उपाय केला असता. तो जागच्या जागी राहिला आणि हळूहळू काळवंडत गेला, आधी पिवळट, मग राखेच्या रंगाचा. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं विचारलं, मिश्री लावतेस का गं एवढ्यातच? तेव्हापासून मी हसताना तोंडावर हात धरायला लागले. पुढं पुढं हात धरण्यापेक्षा न हसणंच सोपं वाटायला लागलं.

नव्वदीच्या दशकात बारामतीच्या एमआयडीसीत मला एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. दुधाची फॅट काढायची, पाणी घातलंय का ते तपासायचं. तिथले लोक मला फार कडक समजायचे. दूध घेऊन येणारे माझ्याशी बोलायला बिचकायचे. मी कडक वगैरे काही नव्हते. मला फक्त तो दात दाखवायचा नव्हता.

आता आबांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं त्यांच्यापाशीच अडलं. आबा म्हणजे माझे वडील. आजोबांपर्यंत आमचं घराणं मेंढरं घेऊन हिंडायचं. आबांच्या काळात ऊस आला, घर एका जागी बसलं, आणि कळपातली थोडी मेंढरं तेवढी घरामागच्या परड्यात उरली. पण आबांची खरी वट होती ती बाजारात. मेंढी घ्यायची झाली की लोक त्यांना सोबत न्यायचे. ते मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून दात बघायचे आणि वय सांगायचे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेली, म्हणजे सगळे दात आलेली. म्हाताऱ्या मेंढीचे दात कानशीनं घासून तिला तरणी म्हणून खपवणारे महाभागही बाजारात असायचे. तसल्या माणसाशी आबा पुन्हा बोलायचेसुद्धा नाहीत. स्वतःची मेंढी विकताना तर त्यांचा रिवाज ठरलेला. सौदा पक्का करायच्या आधी जनावराची खोड आपण होऊन सांगायची, मग ती गिऱ्हाइकाला दिसलेली असो वा नसो. "येक सांगायचं ऱ्हायलं," असं म्हणून ते सुरुवात करायचे. आबांचं ते वाक्य सगळ्या बाजाराला पाठ होतं.

अशात इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा हायवेच्या कडेला एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्यानं मला एका लग्नात पाहिलं होतं. मीही त्याला पाहिलं होतं, पण ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. मांडवात तो मित्रांमध्ये उभा होता आणि मान मागं टाकून, सगळे दात दाखवत, मोठमोठ्यानं हसत होता. मला त्याचा हेवा वाटला. आणि हेवा ओसरल्यावर वाटलं, अशा माणसाशेजारी बसून आपणही तसं हसावं. बाकी त्याचं घर, शेत, पगार यातलं मला काही ठाऊक नव्हतं आणि त्याची फिकीरही नव्हती.

पाहुणे बघायला यायच्या आधी दात नीट करून घ्यायचा, हा आत्याचा हुकूम. आत्या आबांची धाकटी बहीण, गावातच दिलेली, आणि आई गेल्यापासून आमच्या घरात तिचाच शब्द चालायचा. बारामतीत एका तरुण डॉक्टरनं नवा दवाखाना टाकला होता. तिथं आत्या, आबा आणि मी असे तिघं जाऊन बसलो.

डॉक्टरनं टिचकी मारून, थंड फवारा मारून पाहिलं. दातातली नस कधीच मेलीय म्हणाला. आधी ती साफ करायची, मग तीन वाटा. दात आतून औषध घालून उजळायचा, पण तो काही वर्षांनी पुन्हा काळा पडू शकतो. नाहीतर पुढून दाताच्या रंगाचा थर चढवायचा, पण त्याचा टवका उडू शकतो. किंवा दात चोहोबाजूंनी घासून बारीक करायचा आणि वर कॅप बसवायची, ती पुण्याहून करून येईल. "घासून" हा शब्द आला आणि मी आबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत होते. मी कॅप म्हटलं. पुन्हा काळं पडण्याची टांगती तलवार मला नको होती.

मग रंग ठरवायची वेळ आली. डॉक्टरकडे खोट्या दातांची एक पट्टी होती, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. आत्यानं त्यातला सगळ्यात पांढरा दात धरून ठेवला. आता करतोच आहोत तर झकास करू, असं तिचं म्हणणं. डॉक्टरनं मला खिडकीशी उभं केलं, ओठ वर करायला लावला, आणि एकेक नमुना लावत शेवटी एक फिकट पिवळसर दात निवडला. आमच्या भागातल्या पाण्यानं दातांवर बारीक पिवळ्या रेघा येतात, तशी एक रेघही काढून आणतो म्हणाला. म्हणजे शेजारच्या दातांत मिसळून जाईल. आत्या घरी येईपर्यंत कुरकुरत होती की असलाच दात बसवायचा तर इतका खटाटोप कशाला.

कॅप बसली त्या दिवशी आबाच सोबत होते. डॉक्टरनं हातात आरसा दिला. मी ओठ उघडला आणि बघतच राहिले. तिथं दात होता, बस्स, बाकीच्यांसारखा एक दात. मला इतका आनंद झाला की मी आरसा खाली ठेवायलाच तयार नव्हते. डॉक्टर सांगत होता की या दातानं ऊस सोलायचा नाही, आयुष्यात नाही, आणि मी नुसती मान हलवत होते. उसाच्या रानात वाढलेल्या मुलीनं इतक्या पटकन ऊस सोडलेला त्यानं पाहिला नसेल.

आबांनी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला. आत तो मेलेला दातच आहे ना? डॉक्टर म्हणाला, हो, आत तोच आहे, वरून टोपी घातलीय. आम्ही बाहेर आलो, स्टँडवर पोचलो, आणि तिथं आबा म्हणाले, "पावण्यांस्नी सांगाया लागंल."

 पुढचे दिवस कसे गेले ते माझं मलाच माहीत. लॅबमध्ये माझ्या हातून काचेच्या नळ्या फुटायला लागल्या. घरी आल्यावर मी आबांच्या मागं मागं फिरायची. नवा दात नीट दिसतो, चावतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? बायका पावडर लावतात, पोरं केस काळे करतात, ते कोण सांगत बसतं? आबा ऐकून घ्यायचे आणि मेंढरांकडे निघून जायचे. आत्यानं तर त्यांना तोंडावर सुनावलं की पोरगी आहे ती, बाजारातली मेंढी नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "मेंढीला वरचं म्होरचं दात असत्यात तरी का, आबा? मंग तुमचा त्यो कायदा माझ्या दाताला कशाला?"

त्यांना हसू आलं असावं, कारण मिशी हलली. पण म्हणाले, "तू तितं डेअरीत दुधातलं पानी कशाला हुडकतीस मंग?"

 माझंच काम माझ्यावर उलटवलेलं बघून मला जास्तच राग आला. दोन दिवस मी त्यांचं ताट आदळूनच वाढलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, त्याची मावशी. मी पोहे दिले आणि पाटावर बसले. आबा खांबाला टेकून बसले होते. ते घसा साफ करायचे तेव्हा मी पदराचं टोक पिळायची. आता म्हणतील, येक सांगायचं ऱ्हायलं. पावसाचं झालं, उसाचं झालं, कारखान्याचं झालं. मुलाच्या वडिलांनी लग्न कधी धरायचं असं मोघम विचारलंसुद्धा, आणि आबांनी पुन्हा घसा साफ केला. तेवढ्यात मुलाची मावशी आपल्याच नवऱ्याची काहीतरी फजिती सांगायला लागली. तो सासरवाडीत लाजून उपाशी राहिला आणि पहाटे गोठ्यात जाऊन गुळाची ढेप खात बसला, असलं काहीतरी. मला हसू फुटलं. हात वर आलाच नाही. मी मोठ्यानं हसले, सगळ्यांसमोर.

हसता हसता मी आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. लहानपणापासून त्यांनी मला असं हसताना बघितलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते उठले, मेंढरं ओरडायला लागलीत म्हणाले आणि परड्यात निघून गेले. एकही मेंढरू ओरडत नव्हतं. पाहुणे जाईपर्यंत ते आत आले नाहीत.

होकार लगेच आला. आत्यानं साखर वाटली. मी सुटले, असं मला वाटायला हवं होतं. थोडे दिवस वाटलंही. मग बाजाराच्या दिवशी शेजारचे तात्या आबांना बोलवायला आले. त्यांना दोन मेंढ्या घ्यायच्या होत्या. आबा ओट्यावर बसूनच म्हणाले, "दुसऱ्या कुनाला न्या, तात्या. आता मला न्हाय जमायचं."

तात्यांनी ते थट्टेवारी नेलं. डोळं गेलं का, म्हणाले. आबा हसले नाहीत. पुढच्या बाजारालाही गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. सकाळी ठेवणीतला फेटा बांधायचे, मग सोडून ठेवायचे.  त्याचं कारण मला ठाऊक होतं. माझ्या एका हसण्यासाठी त्यांनी आपला शब्द गिळला होता आणि आता त्यांना बाजारात उभं राहायचा हक्क वाटत नव्हता. त्यापेक्षा त्यांनी सगळ्यांसमोर सांगून माझी शोभा केली असती तर मी मजेत त्यांच्यावर रागावून राहिले असते. आता जेवण गोड लागेना. जीभ सारखी दातावर.

एक दिवस डेअरीतून लवकर निघाले आणि कऱ्हाटीच्या गाडीत बसायच्या ऐवजी इंदापूरच्या गाडीत बसले. हायवेला उतरून विचारत विचारत वर्कशॉप गाठलं. तो एका ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. मला बघून दचकून उठला, हात फडक्याला पुसायला लागला. आम्ही बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि माझ्या तोंडून आबांचंच वाक्य निघालं.

"येक सांगायचं ऱ्हायलं."

सगळं सांगितलं. एडका, डोण, मेलेली नस, पुण्याहून आलेली कॅप. त्यानं विचारलं, कुठला? मी भर उन्हात तोंड उघडून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं आणि तो हसला, तसाच, मान मागं टाकून. म्हणाला, कळत पण न्हाय. घरी सांगतो म्हणाला. परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली.

आबा परड्यात होते. मी इंदापूरला जाऊन सांगून आल्याचं सांगितलं. त्यांच्या हातातला पाला तसाच राहिला. काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं. घरी सांगतो म्हणाला, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पाला मेंढरांपुढं टाकला. पुढच्या बाजाराला त्यांनी फेटा बांधला, तो सोडला नाही. तात्यांना हाक मारली आणि निघाले.

त्याच दिवशी संध्याकाळी, आबा बाजारातून येऊन पाय धूत होते तेव्हा, स्थळ आणणारा मध्यस्थ आला. ओशाळून ओट्याच्या कडेला टेकला. नकार होता. आत्या कडाडली, एका दातासाठी नकार? मध्यस्थ म्हणाला, "दाताचं काय न्हाय, अक्का. दाताचं त्यांना कायबी वाटलं न्हाय. पर पोरगी येकटी हायवेला जाऊन पोराला भेटली, त्ये त्यांच्या घरात बसत न्हाय."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, त्याच्या त्या हसण्यासाठी तर फारच. त्यानं घरात माझ्या बाजूनं तोंड उघडलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. पण मध्यस्थ गेला आणि मी आबांकडे पाहिलं. एक पाय धुतलेला, एक मातीचा, हातात तांब्या. ज्या दातापायी आम्ही बापलेकी इतके दिवस जीव जाळत होतो, त्याचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं. माझ्या पोटातून हसू उसळलं. मी ओट्यावर बसून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत्या म्हणाली, हिला लागीर झालं. आबाही हसायला लागले.

मग ते जवळ आले. बाजारात बघतात तसं डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"कुठला गं त्यो बसवल्याला?" त्यांनी विचारलं.

ज्यांनी तो काळा दात इतकी वर्षं रोज बघितला, ते खरंच विसरले होते की मुद्दाम विचारत होते, ते मला सांगता येणार नाही. मी डोळे पुसले.

"तुमीच वळखा," म्हटलं, आणि त्यांना काही सांगितलं नाही.