काचेमागचं ऊन

नागपूरच्या मोरेश्वर पांढरीपांड्यांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढली आणि पुढची सगळी वर्षं श्वास. पहिल्या ओढण्यात मजा होती, दुसऱ्यात नुसतीच मेहनत. फुफ्फुसांच्या या जुनाट दुखण्याला इंग्रजीत चार अक्षरी भारदस्त नाव आहे हे कळल्यावर मात्र त्यांना बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या खोकल्याचं चीज झालं.

२००६च्या दिवाळीत मुलगी मृणालिनी त्यांना मिशिगनला, ट्रॉयमधल्या आपल्या घरी घेऊन आली. परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं होतं. पण डिसेंबरात मोरेश्वरकाकांना सोफ्यावरून उठता येईना. दोन्ही हात टेकायचे, गुडघ्यांना चार शिव्या हासडायच्या, तेव्हा कुठे देह हलायचा.

"बाबा, हात न टेकता उठता आलं नाही तर तिकीट कॅन्सल," मृणालिनी म्हणाली. "तिकडे एकटे कसे राहाल?"

"काय बोलून राहिली तू!" काका कडाडले आणि खोकले. नागपूरचं घर आणि कोपऱ्यावरचे तर्री-पोहे कायमचे सुटणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

त्यांनी आपला उपाय सुरू केला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि त्यावर डोळे दिपवणारं ऊन. मागच्या मोठ्या काचेच्या दाराशी खुर्ची मांडून, बनियन काढून, अंगाला तिळाचं तेल चोपडून काका ऊन खात बसू लागले. ऊन सरकलं की खुर्ची सरकायची. कुत्रा फिरवणारी शेजारीण एकदा बघून झटकन वळली. कुत्रा मात्र बराच वेळ बघत राहिला.

जानेवारीत डॉक्टर शरयूने रक्त तपासलं. ती मूळची पुण्याची, त्यामुळे हसणंही मोजकं.

"काका, ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. तुमच्यासारख्या फुफ्फुसांच्या रुग्णांत हे खूप दिसतं. धाप लागते म्हणून बाहेर पडत नाहीत, ऊन मिळत नाही."

"मी रोज बसतो उन्हात! काचेमागे!"

शरयू मोजकं सोडून खळखळून हसली. "काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते. पण ज्या किरणांनी कातडी हे जीवनसत्त्व तयार करते, ते बाहेरच अडवते."

"मग दार उघडतो."

"तरी उपयोग नाही. इथे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो, की ते किरण हवेतच विरतात."

काका थक्क झाले. नऊ कोटी मैल चालून आलेला सूर्य दाराशी रिकाम्या हातांनी उभा! आणि आपली ही सुरकुतलेली कातडी, जिला जन्मभर आपण नुसतं साबणाने घासलं, ती नागपुरात गुपचूप केवढा कारखाना चालवत होती!

शरयूने आठवड्याला एक घ्यायची हिरवी गोळी दिली. बुरशीवर तसलेच किरण सोडून ती बनवतात, असं तिने सांगितलं.

"म्हणजे बुरशी माझ्यासाठी ऊन खाऊन राहिली?" काकांनी गोळीला हात जोडले.

"फुफ्फुसं काही नवी होणार नाहीत हं. पण मांड्यांत बळ येऊ शकेल. रोज खुर्चीवरून उठबस करा."

काकांनी गोळी दर रविवारी पूर्वेला तोंड करून घेतली आणि उठाबशा मृणालिनीवर उपकार केल्यासारख्या काढल्या.

एप्रिलमध्ये शरयूने त्यांना खुर्चीत बसवलं. "हात छातीशी. आता उठा."

मृणालिनीने श्वास रोखला. काकांना ती चैन परवडणारी नव्हती. ते वाकले, थरथरले, आणि उठले. उभं राहून आपल्याच मांड्यांकडे असे बघत राहिले, जणू कुणी थोर पाहुणे घरी आलेत.

परतताना मृणालिनीने गाडी हमरस्त्यावर घेतली. मग म्हणाली, "अजून महिनाभर राहिलात तर?"

"काच खाली घे."

"बाबा, गार वारा आहे. तुमची फुफ्फुसं!"

"फुफ्फुसं आतच आहेत. मी फक्त हात बाहेर काढतो."

काच खाली गेली. काकांनी बाही कोपरापर्यंत सारली, हात बाहेर एप्रिलच्या उन्हात धरला, आणि नागपूरला जायचं विमान किती वाजताचं आहे ते विचारलं.