चारी बाजूंनी दिसणारा लॅपटॉप

लॅपटॉप घेताना दुकानदारालाच फरशीवर उकिडवं बसवणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. लातुरात क्लासेसच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो तो आठवडाभर काढतो. "हसू नको बेटा, फॉर्म माघारी येईल," हे तो झोपेतही बोलतो, असं माझी मेहुणी सांगते. रविवारी मात्र स्टुडिओला कुलूप, खांद्याला कॅमेरा आणि मिळेल ती एसटी. गाव आधी ठरलेलं नसतं. खिडकीतून ज्या गावावर ऊन छान पडलेलं दिसेल, तिथं तो उतरतो. अहमदपूरचं तिकीट काढून निम्म्या वाटेत उतरणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हे मी त्याला हिशेबासह पटवून पाहिलं. "पर ऊन फुकट मिळायलंय की, साडूभाऊ," म्हणाला.

त्याचा एक नेम आहे. ज्याचा फोटो काढला त्याला तो दाखवल्याशिवाय गाव सोडायचं नाही. "कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यात म्हातारीला काय दिसनार?" म्हणून पिशवीत मावणारा, हलका लॅपटॉप हवा होता. खरेदी शनिवारी नांदेडला, माझ्या गावी ठरली. वजन, मेमरी, बॅटरी, किंमत सगळं ताडून मी सव्वा किलोचा एक नक्की केला होता. साडूनं तो खांद्याच्या शबनममध्ये घातला आणि दुकानदाराच्या जिवाला घोर लावत चौकापर्यंत फिरून आला. "वजन लागत न्हाई," म्हणाला. मी बिल करायला सांगितलं. तेवढ्यात त्यानं पडद्यावर एका चेहऱ्याचा फोटो लावून लॅपटॉप फरशीवर ठेवला आणि दुकानातल्या पोऱ्यालाही हाक मारली.

"मालक, तुमी दाराकडून बसा. बेटा, तू मागून वाक. साडूभाऊ, तुमी म्हातारी. कडंला बसा."

इस्त्रीच्या पँटीत मी कडेला बसलो.

"काय दिसतंय आजी?"

"काळं."

"मग ह्यो न्हाई."

असे आम्ही संध्याकाळपर्यंत उठत-बसत होतो. शेवटी एकात सगळ्यांना एकच चेहरा सारखा दिसला. तो माझ्या निवडीपेक्षा जड आणि आठ हजारांनी महाग होता.

रिक्षात मी चिडून म्हणालो, "एकेकाला समोर बसवून दाखवायचं ना? मग समोरून दिसलं की झालं!"

तो बाहेर बघत राहिला. "भूकंपाच्या आधी किल्लारीकडं एका घरचा फोटो काढला होता. समदे वसरीत बसले होते. आजी म्हनली, मी कशी दिसते रे? म्हनलं, आठ दिसांत आनून दाखवतो." त्यानं नवा लॅपटॉप मांडीवर सरळ केला. "फोटो लई चांगला आला. माझ्याकडंच हाय."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी आपणहून त्याच्याबरोबर निघालो. इस्लापूरजवळ त्याला हवं तसं ऊन दिसलं. एका घराच्या वसरीत सगळ्यांचे फोटो काढून त्यानं पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवला, तर अख्खं घर चारी बाजूंनी वाकलं. म्हातारी अगदी कडेला, मी दुकानात बसलो होतो तशीच.

"ही मी हाव?"

"तूच, आजी."

तिनं पदर सारखा केला आणि कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिली. मग विचारलं, "किती द्यायचं, बाबा?"

"बघितलंस न्हवं? झालं."

तिला ते पटलं नाही. आत जाऊन तिनं ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि त्याच्या शबनममध्ये ओतल्या. परतीच्या एसटीत तो त्या एकेक सोलून खात होता. वाटेत एका गावावर फार सुरेख ऊन पडलं होतं. मी त्याला कोपरानं खुणावलं. त्यानं बघितलं, हसला, पण उतरला नाही. "आजचं झालं, साडूभाऊ," म्हणाला.