गाडीघरामागच्या दोन सायकली

आमच्या ह्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला ब्रह्मदेव आला असता तरी हात हलवत परत गेला असता. लोणावळ्याच्या बाजारात ह्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मुंबईकरांच्या बंगल्यांतले विहिरीवरचे पंप जळले की ह्यांना बोलावणं यायचं, आणि त्या कामासाठी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतलेली होती. साठच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. असेच एकदा हे लिलावाला म्हणून गेले, ते जीपच्या मागे दोन चाकांचा एक पत्र्याचा डबा बांधूनच परत आले.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"घर," हे म्हणाले, आणि पाय धुवायला आत गेले.

तो डबा म्हणजे लष्करी सामान वाहायचा ट्रेलर. ह्यांनी तो दुकानामागे उभा केला आणि सगळा पावसाळा त्याच्यापायी घालवला. वर छप्पर आलं. आत दोन अरुंद बाकं आली. दिवसा त्यांच्यावर बसायचं, रात्री झोपायचं, आणि भांडीकुंडी त्यांच्या पोटात. स्टोव्हसाठी पत्रा मारलेली फळी, वीतभर खिडकी आणि मागच्या बाजूला बाहेर उघडणारं दार. आळीतले लोक येता-जाता म्हणायचे, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ऐकलं होतं, वाइंडरचं बिऱ्हाड जीपवर आता बघतोय." हसायला मीही कमी नव्हते. पण आत रॉकेल, ऑइलपेंट आणि नव्या फळ्या यांचा मिळून जो वास यायचा, तो मला फार आवडायचा. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठे ताज्या रंगाचा वास आला की मी क्षणभर थांबते, आणि मग उगीचच चिडते, कुणावर ते माहीत नाही.

पहिल्याच सहलीत एक गोष्ट कळली. डांबरी रस्ता संपला की ट्रेलर पुढे न्यायचा नाही. कामशेतच्या पलीकडे बैलगाडीच्या चाकोरीत तो असा रुतला की शेवटी बैलच लावून बाहेर ओढावा लागला. बैलवाल्यानं जीपकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "पयलंच सांगायचं ना, बैलं घेऊनच आलो असतो." मग ह्यांनी ठरवलं, ट्रेलर फाट्यावर झाडाखाली सोडायचा आणि पुढची भटकंती सायकलींवर. सायकली दोन होत्या. एक ह्यांची, दुकानातून कामावर जायची. दुसरी माझी. माहेरी तळेगावला मी शाळेत जायची ती हिच्यावर, आणि लग्नानंतर लोणावळ्यातही. मागच्या चाकात पदर जाऊ नये म्हणून दोऱ्यांची जाळी, आणि हँडलवर घंटी, जी वाजली की भर बाजारात लोक वळून बघायचे. साडीतली बाई सायकलवर दिसली की तेव्हा लोक तसेही वळून बघायचे, घंटी वाजवायची गरज नव्हती.

सायकली न्यायच्या कशा, हा प्रश्न होता. आत ठेवल्या तर माणसं बाहेर राहायची. छपरावर चढवल्या तर छप्पर गळायला लागलं. शेवटी ह्यांनी वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली. चौकटीतून दोन हात बाहेर आलेले, हातांना खाचा आणि खाचांत जुन्या टायरचे तुकडे. सायकलीचा आडवा दांडा त्या खाचांत बसवायचा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायचा, की सायकल ट्रेलरच्या पाठीला टांगलेली.

चौकट बसवली त्या दिवशी मी आत बाकांखाली डबे लावत होते. बाहेर बोल्ट आवळल्याचे आवाज येत होते. हे उत्साहानं म्हणाले, "चहा टाक, झालंच माझं." मी स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि दार ढकललं. दार हलेना. बाहेर उघडणाऱ्या दारावरच ह्यांनी आडवी चौकट ठोकली होती आणि वर स्वतःची सायकल लटकवून कौतुकानं बघत उभे होते!

"अहो, मी आत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. चहा झाला का?"

"झाला. पण देऊ कुठून?"

मग खिडकीतून ह्यांचा हात आत आला. मी त्या हातात कपबशी दिली, आणि बोल्ट सैल होईपर्यंत माझा चहा आत एकटीनं घेतला. हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं मी पाहुण्यांना सांगत असे, आणि हे दर वेळी पेपर वर धरून वाचत असत.

दुसऱ्या दिवशी चौकटीला बिजागऱ्या लागल्या. आता ती दारापुढच्या फाटकासारखी सायकलींसकट बाजूला वळायची. ह्यांनी आपली सायकल टांगली, हलवून बघितली, खूश झाले. मग माझी उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

माझ्या सायकलीला आडवा दांडाच नव्हता. बायकांच्या सायकलीला तो नसतोच, पाय घालायला जागा हवी म्हणून मधली नळी खाली वाकलेली असते. एवढी मोठी चौकट आखली, वेल्डरशी वाद घातले, आणि घरात रोज डोळ्यांसमोर उभी असलेली सायकल ह्यांना आठवली नव्हती. सीटला अडकवून बघितली, ती उलटी झाली. वाकड्या नळीनं टांगली तर पॅडल पत्र्यावर आपटायला लागलं आणि पुढचं चाक जमिनीला टेकलं.

मी काही बोलणार, तेवढ्यात हे सायकल खाली ठेवत हसले. "जाऊ दे ना. तू माझ्या मागे कॅरिअरवर बस. तसंही दोन सायकलींचं ओझं हवंय कशाला?"

आजही ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. कॅरिअरवर बसणं म्हणजे काय, हे पुरुषांना कधी कळत नाही. पाय एका बाजूला लोंबकळत ठेवायचे, एका हातानं सीट धरायची, दुसऱ्या हातानं पदर, आणि वाटभर समोर दिसायचं काय, तर घामानं ओली झालेली पाठ. मला राग सायकलीचा नव्हता. त्यांना मी बरोबर हवी आहे, की मागे सामानासारखी, हे मला कळत नव्हतं, आणि नव्या लग्नात बाईला दुसरं काय कळून घ्यायचं असतं?

"मग तुम्हीच जा," मी म्हटलं. "मी घरीच बरी."

आणि खरंच गेले की! रविवारी सकाळी जीप, ट्रेलर आणि एक सायकल घेऊन एकटेच निघून गेले. मी दारात आलेसुद्धा नाही. आतूनच सगळे आवाज ऐकत होते. जीप सुरू झाली, वळणावर तिच्यामागची ती एकच घंटी धक्क्यानं वाजली. दिवसभर मी घर झाडलं, पितळेचे डबे घासले आणि ज्याच्यावर राग नव्हता त्या मांजरावर ओरडले. हे संध्याकाळी परत आले. दोन दिवसांचा बेत होता, पण उजेड असतानाच परत. "काय झालं?" मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमचा अबोला तसाच चालू राहिला. जेवायला वाढत होते, पण "अजून घ्या" म्हणत नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून पायीच आले, कारण सकाळी निघताना सायकल जागेवर नव्हती. पंक्चर काढायला नेली असेल म्हटलं. घरी येऊन बघते तर ती अंगणात उभी, आणि हँडलखालून सीटखालपर्यंत एक जाडजूड सागवानी दांडा आडवा बसवलेला!

माझा तोल गेला. "माझ्या सायकलीची ही काय दशा केलीत? आता मी हिच्यावर टांग टाकून बसू? शाळेत काय तोंड दाखवू?" आठवडाभर तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. सायकलीचं, कॅरिअरचं, ओझ्याचं, शिवाय ज्याचा काही संबंध नव्हता असं बरंच. शेजारच्या वहिनी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.

हे पुढे झाले, दांड्याच्या दोन्ही टोकांच्या चामडी पट्ट्यांची बकलं काढली आणि दांडा उचलून माझ्या हातात दिला. "टांगण्यापुरता," म्हणाले. "फाट्यावर उतरलो की काढायचा."

दांडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेला होता, आणि सायकलीचा रंग उडू नये म्हणून टोकांना आतून बनातीचं अस्तर लावलेलं. मला फार लाज वाटली, आणि आनंदही झाला, पण लाज वाटली हे कबूल करायला मी तेव्हा तयार नव्हते. "बरा आहे," एवढंच म्हटलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पुरवून घेतलास गं हट्ट." तेही मनात जाऊन बसलं. हट्ट पुरवला म्हणजे काय? मुलाला फुगा देतात तसं? कटकट नको म्हणून? की एकट्यानं चहा करायचा कंटाळा आला म्हणून? ह्यांना विचारायची सोय नव्हती. मनातलं विचारलं की हे हमखास पक्कड शोधायला उठायचे.

भातं झोडून झाली होती तेव्हा आम्ही निघालो. पाठीमागे दोन सायकली, दर खड्ड्याला दोन घंट्या. सोमाटणे फाट्याजवळ चिंचेखाली ट्रेलर सोडला, दांडा काढून बाकाखाली ठेवला आणि परंदवडीच्या कच्च्या रस्त्याला लागलो. खळ्यांवरून आंबेमोहोराच्या पेंढ्याचा वास येत होता. मोकळ्या झालेल्या खाचरांत हरभरा नुकता वर आला होता. रस्ता दोन चाकोऱ्यांचा, मध्ये गवत. एका चाकोरीतून हे, दुसरीतून मी. फारसं बोललो नाही. एकदा बगळ्यांचा थवा उठला तेव्हा दोघांनी एकदमच हात वर केला आणि दोघांच्याही सायकली डगमगल्या. इतकी हसले मी त्या दिवशी!

गावाबाहेरच्या एका विहिरीपाशी थांबलो. खळ्यावर एक वयस्क मावशी पावटे निवडत बसल्या होत्या. मी विहिरीच्या पलीकडच्या अंगाला तोंड धुवायला गेले. मध्ये पेंढ्याची गंजी होती. ह्यांना वाटलं असावं, मला तिथून काही ऐकू येत नाही.

"दोगं नवरा-बायकू का?" मावशींचा आवाज आला.

"हो."

"मंग दोन सायकली कशापायी वो? आमचं धनी मला एकीवरच डबलशीट न्हेत्यात तळेगावच्या बाजाराला. तुमाला जमत न्हाई व्हय?"

मी तोंडावर पाणी मारायचा हात तसाच थांबवला. आता हे म्हणतील, बायकोचा हट्ट. म्हणतील, काय करणार मावशी, शिकलेली आहे.

हे म्हणाले, "जमतं हो. पण मागे बसली की दिसत नाही ना ती. मध्यंतरी एकटा जाऊन आलो, नुसताच रस्ता दिसत होता."

मावशी खदखदून हसल्या. "आत्ता गं बया! मंग म्होरं दांड्यावर बशिवली आस्ती तर लय ग्वाड दिसली आस्ती की!"

मी गंजीच्या आड तोंड पदरात लपवून उभी राहिले. पाणी मारलेलं होतं ते बरं होतं. बाहेर आले तेव्हा ह्यांचे कान लाल झाले होते आणि हे माझ्या सायकलीची चेन उगीचच तपासत होते. चेनीला काहीही झालेलं नव्हतं.

ते वाक्य ह्यांनी मला कधीच म्हणून दाखवलं नाही, ना त्या दिवशी, ना पुढे सगळ्या संसारात. मीही ऐकल्याचं कधी सांगितलं नाही.

परतताना रस्ता अरुंद झाला. एकच चाकोरी उरली. हे थांबले आणि म्हणाले, "तू हो पुढे." मी पुढे झाले. फाटा येईपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही, फक्त पाठ जरा ताठ ठेवली.