एमिल ह्रुष्काचे सत्तावीस जण

बार्टन्स क्रीकमध्ये एमिल ह्रुष्कासमोर त्या सामन्याचं नाव काढायची सोय नाही. हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलता तोलता तो तराजू आपटतो. "खिळे हवेत की गप्पा?" नवख्यांना वाटतं, म्हातारा माजलाय. असेना का. कोळशाच्या खाणींच्या या साऱ्या पट्ट्यात बेसबॉलचा 'परफेक्ट गेम' टाकलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, हा एकटाच. नऊ इनिंगमध्ये सत्तावीस फलंदाज आले आणि एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही.

एकावन्न सालचा रविवार होता तो. पाचव्या इनिंगपासून आमच्या रिवाजाप्रमाणे बाकावर एमिलशेजारी कुणी बसेना, त्याच्याशी बोलेना. असा खेळ रंगात असताना पिचरशी बोललं की दृष्ट लागते म्हणे. सहाव्या इनिंगला शेजारच्या बोडनारबाई धापा टाकत आल्या. एमिलच्या बापाची फुप्फुसं खाणीनं कधीच खाल्ली होती. आता तो शेवटच्या घटका मोजत होता आणि लेकाला बोलवत होता. घर मैदानापासून दहा मिनिटांवर.

संघाचा मॅनेजर डेल स्वार्ट्झनं बाईंना कुंपणापाशीच अडवलं. "एवढा खेळ संपू द्या, बाई. मी सांगतो त्याला."

बाकाच्या कुंपणाकडच्या टोकाला बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. खाणीत पहाडाशी झुंजणारे धट्टेकट्टे बाप्ये, पण एकाचीही जीभ उचलली नाही. दुसऱ्या टोकाला एमिल एकटाच घाम पुसत बसला होता. आग लागो असल्या रिवाजाला!

सत्ताविसावा गडी बाद झाला, एमिलला खांद्यावर नाचवून झालं, मग डेलनं सांगितलं. एमिल मळक्या कपड्यांनिशी पळत सुटला. बाप जाऊन वीस मिनिटं झाली होती.

दफनानंतर डेल त्या सामन्याचा चेंडू आठवण म्हणून घेऊन घरी आला. "एमिल, अरे, तुझ्या बापानं स्वतःच मला बजावलं असतं, पोराला खेळातून उठवू नकोस म्हणून. बेसबॉलचं केवढं वेड त्यांना!"

एमिल मूठ वळून उठला. पाहुण्यांसाठी खसखशीचा रोल कापत असलेली आई मध्ये आली. सुरी तिच्या हातातच होती.

"शेवटपर्यंत शुद्धीवर होते ते, डेल," ती म्हणाली. "स्कोअर एकदाही नाही विचारला. एमिल कुठंय, एवढंच विचारत होते. आणि मी मेली दर वेळी सांगत होते, निघालाय म्हणून."